डोळ्यांनी बघितलेला माणूस

खिल्लारे गुरुजींची आठवण आली की मला अजूनही आधी राग येतो. एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीत असं लिहू नये, एवढं मला कळतं. सारा जन्म मास्तरकीत गेला आहे. पण हा माणूस माझ्याशी भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, माझ्या टेबलावर हात आपटून चहाचा कप सांडला असता, तर मी कधीच मोकळा झालो असतो. त्यांनी तसलं काही केलं नाही. एक ओळ मागितली आणि निघून गेले.

चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून तासभर काळ्या मातीतून चालत गेलं की आमची शाळा लागे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजूनही मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. सातवीपर्यंतचे वर्ग, पाच मास्तर आणि त्यांत मी हेडमास्तर. पोरं मला 'मोठे गुरुजी' म्हणत, म्हणून खिल्लारेही तसंच म्हणत. त्या 'मोठे'त थोडी चेष्टा आहे असा मला कायम संशय, कारण ते माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच होते.

डाव्या हातानं लिहायचे. वर्गात खुर्चीवर कधी बसले नाहीत. खुर्चीवर त्यांची छत्री बसायची आणि ते दिवसभर उभे. खडूचे उरलेले तुकडे चुन्याच्या रिकाम्या डबीत जपून ठेवत आणि पोरांना फळ्यावर लिहायला देत. तोंडात लवंग. आणि दोन वाक्यं जिभेवर कायमची. कोणी काही सांगू लागलं की आधी, "तू बगितलास का?" आणि बघितलं म्हटलं की, "मग पुढं?"

हा प्रश्न ते पोरांनाच विचारत असते तर गोष्ट वेगळी. मधल्या सुट्टीत आम्ही चौघं मास्तर जरा गप्पांना बसलो, अमक्या गावच्या सरपंचानं दुसरी बायको केली म्हणे, अशी रंगायला लागली, की कोपऱ्यातून हे शांतपणे, "तुमी बगितलात का?" झालं! सगळी गोष्ट तिथंच मरायची. बाकीचे मास्तर त्यांना बघून विषय बदलायचे. मीही बदलायचो. माणूस चांगला होता, पण त्यांच्या शेजारी बसून चहा गोड लागायचा नाही, हे खरं.

ते वसमतकडचे, बौद्ध. शाळेच्या मागं एका खोलीत एकटे राहत. घरी वसमतला म्हातारी आई. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की चुडाव्याला चालत जात, पूर्णेला गाडी बदलत आणि आईकडे पोचत. सोमवारी पहिल्या घंटेला पुन्हा हजर. या नेमात मी त्यांना एकदाही उशीर झालेला बघितला नाही. हे मात्र मी स्वतः बघितलेलं आहे.

त्यांच्या त्या प्रसिद्ध तासाची सुरुवात एका निबंधानं झाली. सातवीला 'माझा आवडता थोर पुरुष' असा निबंध दिला होता. सगळ्या वर्गानं गाइडातून उतरवून काढला. खिल्लारे गुरुजींनी तीन वह्या उचलल्या आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. फक्त नाव आलं की थांबत आणि गिळून टाकत. 'ते लहानपणापासून अत्यंत हुशार होते. त्यांना वाचनाची अतोनात आवड होती. गरिबांविषयी त्यांच्या मनात अपार कळवळा होता.' तिन्ही वाचून झाल्यावर विचारलं, "सांगा, कोण कोणता?" एकालाही सांगता येईना. ज्यांनी लिहिलं होतं त्यांनाही येईना.

"सगळ्यांच्या अंगात एकच सदरा घातलाय रे तुमी," गुरुजी म्हणाले. "आता असं करा. ज्याला डोळ्यांनी बगितलंय असा माणूस आणा."

मग माझ्याकडे आले आणि शनिवारचा शेवटचा तास मागितला. मी दिला. फार विचार करून दिला असं नाही. त्या तासाला तसंही कोणाचं शिकवण्यात लक्ष नसे.

त्या तासाचे नियम तीन. माणूस स्वतः बघितलेला पाहिजे. त्यानं केलेली एक गोष्ट सांगायची, कुठं केली, कधी केली, यासकट. आणि त्याचा एक तरी दोष सांगायचा. आपल्याला ठाऊक नसेल तर घरी जाऊन, चार माणसांना विचारून आणायचा. या तिसऱ्या नियमावर मी हरकत घेतली होती. पोरांना दोष काढायला कशाला शिकवायचं?

"मोठे गुरुजी," ते म्हणाले, "ज्याच्यात दोषच न्हाई त्याला निस्ते हात जोडता येतेत. त्याच्यासारखं व्हायचं कुणाच्या मनात येत न्हाई. दोष ऐकला की पोरगं म्हणतंय, हा तर माझ्यासारखाच हाय की. मग ते पुढं सरकतंय."

मला पटलं नाही, पण तास चालू राहू दिला.

पहिल्याच महिन्यात एका पोरानं चुडाव्याच्या चावीवाल्याची गोष्ट सांगितली. रूळ तपासत फिरणारा रेल्वेचा साधा नोकर. एका सकाळी त्याला रुळाच्या जोडावरचा बोल्ट तुटलेला दिसला. निरोप धाडायला जवळ कोणी नाही आणि जागा सोडून जावं तर गाडी यायची. हा बहाद्दर लाल फडकं घेऊन रुळाच्या मधोमध बसून राहिला. गाडी थांबली, ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, यानं बोल्ट दाखवला. दोष? बायकोनं सांगितलेलं औषध हा तीन तीन दिवस आणायला विसरतो. वर्ग खदखदून हसला. पुढच्या आठवड्यात गुरुजींनी सगळं गणित त्या चावीवाल्यावर काढलं: एका मैलात रुळाखालचे आडवे स्लीपर किती, तो दिवसाला चालतो किती, वर्षाला किती. ज्या पोरांना भागाकार म्हटलं की लघवीला लागायची, ती पोरं स्लीपर मोजायला रविवारी स्टेशनावर गेली. चावीवाला इतका गांगरला की सुट्टीच्या दिवशी घरात सरकारी टोपी घालून बसला, असं पोरं सांगत. हे बघितलं का, असं विचारलं तेव्हा वीस हात वर झाले.

मी दारात उभा राहून तो तास ऐकायला लागलो होतो. ज्या पोरीला तीन ओळी लिहिता येत नव्हत्या ती आपल्या आत्याबद्दल दोन पानं लिहून आणायची. आत्यांना, मामांना, गावच्या म्हाताऱ्यांना पोरं प्रश्न विचारत हिंडायची. मला हेवा वाटायचा. तो मी कौतुक म्हणून दाखवायचो.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि सगळा मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, हे गावकरी अजून अभिमानानं सांगतात. पण पाटलांच्या विहिरीवरचं बौद्धवस्तीचं पाणी तोडलं होतं, हे सांगत नाहीत. शाळेत पोरं वस्ती-वस्तीनं वेगळी बसायला लागली. खिल्लारे गुरुजी त्याही शनिवारी उभे राहिले आणि म्हणाले, "कोण आणलंय माणूस?"

त्याच हिवाळ्यात कुसुम उठली. नानासाहेब पाटलांची मुलगी, वर्गात सर्वांत धीट. तिचा माणूस होता गयाबाई, बौद्धवस्तीतली सुईण. कुसुम जन्मली त्या दिवशी ओढ्याला पूर होता. गयाबाई डोक्यावर लुगडं बांधून, कमरेइतक्या पाण्यातून अलीकडे आली आणि कुसुमचा जन्म झाला. हे तिनं बघितलेलं नव्हतं, पण गयाबाईला बघितलं होतं, आणि खुद्द तिलाच जाऊन विचारलं होतं. दोष: गयाबाई तंबाखू खाते आणि कळा देणाऱ्या बाईला लय घाण शिव्या देते.

सोमवारी नानासाहेब शाळेत. मी खिल्लारेंना बोलावून घेतलं, नानासाहेबांपुढं खुर्ची केली, ते बसले नाहीत.

"आमची पोरगी त्या वस्तीत हिंडायलीय. हे दिवस कसले हायेत, आन तुमी हे काय शिकवायलाव गुरुजी?"

"तिनं खोटं सांगितलं का काही?" खिल्लारेंनी विचारलं.

"खऱ्याखोट्याचं म्हणत न्हाई मी."

"मग नाना, एक इचारू? तुमच्या घरी त्या दिवशी कोण आलं व्हतं?"

नानासाहेब दाराकडे वळले. मग एकदम त्यांना हसू फुटलं. "शिव्या मात्र खऱ्या हायेत. आमच्या मंडळीला अशा घातल्या व्हत्या की मी ओट्यावरून उठून गेलो." आणि गेले. त्या आठवड्यात विहिरीवरचं पाणी सुरू झालं. ते या गोष्टीमुळं झालं की सरकारी माणसं येऊन गेली म्हणून, मला सांगता येणार नाही. खिल्लारेंनाही विचारलं तर म्हणाले, "मी बगितलं न्हाई."

आता माझी गोष्ट. म्हणजे गोष्ट त्यांचीच, पण यात हात माझा आहे.

हिवाळा सरता सरता विस्तार अधिकारी तपासणीला येणार असं पत्र आलं. त्या दिवशी गावकऱ्यांसमोर पोरांनी थोर पुरुषांवर भाषणं करावीत, असंही होतं. शाळेला दोन खोल्या मंजूर व्हायच्या होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या खोल्याच दिसत होत्या. बोलण्यात तयार म्हणून मी सातवीतलीच पोरं निवडली. गाइड आणलं, प्रत्येकाला एक थोर पुरुष वाटून दिला आणि तीन दिवस घोकून घेतलं.

खिल्लारे म्हणाले, "घोकून घ्या, हरकत न्हाई. पण हे शनिवारचे पोरं हायेत. त्यांच्या डोक्यात तीन नियम बसलेत. दोन्ही एकत्र करू नका, घोटाळा होतोय."

मला वाटलं, हा माणूस जळतोय. माझा कार्यक्रम चांगला झालेला याला नको आहे. असं वाटलं, हे कबूल करतो. त्यांनी ऐन वेळी मध्ये बोलू नये म्हणून मी त्यांना त्या दिवशी परभणीला भिंतीवरचे नकाशे आणायला पाठवलं. नकाशांची तेव्हा अजिबात घाई नव्हती.

साहेब आले. सतरंजीवर एका बाजूला नानासाहेब आणि त्यांची भावकी, दुसऱ्या बाजूला बौद्धवस्तीतली वडीलधारी माणसं. दोन्हीकडच्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. पहिली तीन भाषणं झकास झाली. चौथी कुसुम. तिच्या वाट्याला मी तो थोर पुरुष दिला होता ज्याच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता. पाटलाच्या मुलीच्या तोंडून हे नाव आलं की साहेब खूश होतील, गावाला शोभा येईल, अशी माझी अक्कल. कुसुम न अडखळता बोलली. बौद्धवस्तीतला एक म्हातारा डोळे पुसत होता. शेवटचं वाक्य झालं आणि मी टाळ्यांसाठी हात उचलले.

कुसुम बसली नाही.

"आता दोष," ती म्हणाली. "मी त्यांना डोळ्यांनी बगितलेलं न्हाई. म्हणून नियमापरमानं घरी इचारलं. आमचे काका म्हणले, त्यांचं नाव इद्यापीठाला द्यायलेत, हाच त्यांचा दोष. पण यात त्यांचा कसा काय दोष, हे काकाला सांगता आलं न्हाई."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. मी ऐकलं, कारण मी तिच्या शेजारी उभा होतो. सगळ्या मराठवाड्यात मोठमोठ्या माणसांना जे बोलता आलं नव्हतं ते त्या पोरीनं दोन ओळींत मांडलं होतं, आणि ते गोंधळात बुडून गेलं. डोळे पुसणारा म्हातारा उठून ओरडला, "आमच्या बापाचे दोष काढायला शिकवायलाव काय रे पोरीला?" नानासाहेबांनी घरातलं बोलणं चव्हाट्यावर आलं म्हणून कुसुमला दंडाला धरून ओढत नेलं. साहेबांनी फाइल मिटली आणि मला विचारलं, "हे काय चालतं तुमच्या शाळेत?"

मी म्हणालो, "खिल्लारे गुरुजींचा उपक्रम आहे, साहेब."

संध्याकाळी ते आले. चुडाव्याहून चालत, दोन्ही काखांत गुंडाळलेले नकाशे, छत्री कॉलरला मागं अडकवलेली. शाळेपुढं अजून माणसं घोळक्यानं उभी होती आणि कोणी त्यांच्याकडे बघेना.

"काय झालं, मोठे गुरुजी?"

"तुमच्या त्या तासानं घात केला."

"माझ्या?" त्यांनी नकाशे हळूच भिंतीला टेकवले. "आज तर शनिवार न्हाई."

चार दिवसांत दोन अर्ज गेले. बौद्धवस्तीचा अर्ज: हा मास्तर आमच्यातला असून महापुरुषांचे दोष काढायला लावतो. पाटलांचा अर्ज: हा मास्तर पोरींना घरच्या चुगल्या शाळेत सांगायला लावतो. दोन्हींचा शेवट एकच: यास येथून हलवावे. त्या साली गावाच्या दोन्ही वस्त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मला अजून कळत नाही यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं.

कुसुमची शाळा त्याच महिन्यात सुटली. खिल्लारे तीन वेळा नानासाहेबांच्या दाराशी गेले. "मला काढा, तिला बसवा," म्हणून बाहेरूनच सांगून आले. दार उघडलं नाही.

मग माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. खिल्लारे ऑफिसात आले, नेहमीसारखे उभेच राहिले. म्हणाले, "मोठे गुरुजी, माझी तारीफ लिहू नका. एकच ओळ लिवा. त्या दिवशीची भाषणं तुमी बसवली आन मला तुमीच परभणीला धाडलं व्हतं. तेवढं खरं हाय का न्हाई?"

"खरं आहे. लिहितो," मी म्हणालो.

"बदली झाली तर आईकडं जाणं व्हणार न्हाई, म्हणून म्हणायलोय. आन तास बंद करू नका."

मी खुलासा लिहिला. 'सदर उपक्रम श्री. खिल्लारे हे स्वतःच्या जबाबदारीवर राबवीत असत. घडल्या प्रकाराबद्दल शाळा दिलगीर आहे.' यात एक अक्षर खोटं नाही. ती ओळ मी तीनदा लिहायला घेतली. पेन टेकवलं की वाटे, यांची फार तर बदली होईल, पण मी लिहिलं तर माझी हेडमास्तरकी जाईल. शिवाय त्या दोन खोल्या. असली सबबच सापडायला पाहिजे असते, ती सापडली. खिल्लारेंची बदली जिंतूरच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीवर झाली, जिथून वसमत गाठायला तीन एसट्या आणि निम्मा दिवस लागे. पुढं त्यांची आई गेली तेव्हा ते वेळेवर पोचले नाहीत असं ऐकलं. ऐकलं, बघितलं नाही. त्यांचं वाक्य माझ्या उपयोगी पडलं ते असं.

शनिवारचा तास मी बंद केला. आणि खोल्या काही मंजूर झाल्या नाहीत.

मधे बरीच वर्षं गेली. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी चुडाव्याच्या फलाटावर उभा होतो. माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. पाण्याच्या नळाशी एक उंच माणूस डाव्या हातानं ओंजळ धरून वाकला होता, कॉलरला मागं छत्री. मी मागं फिरावं असा विचार केला. त्याआधीच त्यांनी वळून बघितलं.

"मोठे गुरुजी!" केस पांढरे झाले होते, लवंगेचा वास तोच. माझी तब्येत विचारली. ताडकळसच्या बाजारात कुसुम भेटली म्हणाले. तिची पोरगी पाचवीला आहे. "गयाबाईची गोष्ट पोरीला सांगितलीय म्हणली. शिव्यांसकट." आणि हसले. मग विचारलं, "शनिवारचा तास?"

"बंद केला," मी म्हणालो.

 लांबून गाडी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मी तिकडं चालू ठेवला. निवृत्त होईपर्यंत. तिकडचे पोरं चलाख, म्हणले आधी तुमी तुमचा माणूस सांगा. म्हणून दर साली मी पहिला. आन दर साली माणूस एकच. तुमी."

"मी?"

"मंग? मला तास कुणी दिला? ठराव झाला त्या आठवड्यात समद्या शाळा चिडीचूप व्हत्या. तुमी तास बंद केला न्हाई. हे मी डोळ्यांनी बगितलंय."

 गाडी थांबली होती, माणसं चढत होती. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं. "आणि दोष?"

त्यांनी छत्री काखेत घेतली, डब्याच्या दांडीला धरून पायरीवर पाय ठेवला. "पोरं लय मागं लागायचे. गुरुजी, नियम हाय, दोष सांगा. मी म्हणायचो, ह्या माणसाचा दोष त्यानंच सांगायचा हाय. तो सांगंल."

गाडी हलली. ते आत गेले नाहीत, दारातच उभे राहिले, माझ्याकडे बघत. पोरगं उत्तराला अडलं की वर्गात ते असेच उभे राहत, घाई न करता. मी फलाटावर नुसता हात वर केला. एवढी वर्षं जी ओळ राहिली होती ती तेव्हाही तोंडातून निघाली नाही, आणि ऐकणारा माणूस पूर्णेच्या दिशेनं लहान होत गेला.

त्या दिवशीची भाषणं मी बसवली होती. खिल्लारे गुरुजी गावात नव्हते, कारण त्यांना मीच परभणीला धाडलं होतं.